ब्लॅकफ्रायर्स, व्हाइटफ्रायर्स: साधूंना रंगांची नावं कशी पडली?

बडोदेकर_काका: नमस्कार मंडळी. पुतण्या शिकायला लंडनला गेलाय. त्यानं ब्लॅकफ्रायर्स स्टेशनचा फोटो पाठवून विचारलं, "काका, हे काळे साधू कोण?" शोधलं तर ख्रिस्ती धर्मातल्या डॉमिनिकन पंथाचे निघाले, पण चित्रात त्यांचा अंगरखा पांढराशुभ्र! आणि ज्यांना पांढरे म्हणतात त्या कार्मेलाइटांचा तपकिरी. असं उलटं का?

मांडवीचा_कापडवाला: काका, वरून पांघरतात तो झगा बघा. डॉमिनिकनांचा काळा, कार्मेलाइटांचा पांढरा. ही मंडळी मठात बसून राहायची नाहीत, गावात फिरून प्रवचन करायची, भिक्षा मागायची. रस्त्यात लोकांना दिसायचा तो झगा, म्हणून नाव त्याचं. कार्मेलाइटांचा तर आधी पट्ट्यापट्ट्यांचा होता, १२८७ साली त्यांनी पांढरा घेतला.

मला मात्र राखाडी, म्हणजे फ्रान्सिस्कन, फार जवळचे वाटतात. काळ्या-पांढऱ्या मेंढ्यांची लोकर एकत्र पिंजली की सूत आपसूक राखाडी निघतं. हातात घेतलं तर एकेक धागा वेगळा दिसतो, कुठे काळा, कुठे दुधी. आपल्या घोंगडीसारखंच, मेंढीचा रंग तोच कापडाचा. रंगाऱ्याकडे जायलाच नको. गडद, पक्का काळा चढवणं त्या काळी महागाचं काम होतं. ज्या फ्रान्सिसनं गरिबी हेच व्रत मानलं, त्याच्या माणसांनी दुसरं काय नेसावं? आज ते तपकिरीत दिसतात, ते पुढचं.

रावपुरा_वाचक: कापडवाले, सुंदर लिहिलंत. भर घालतो. मठात राहणाऱ्यांतही हे होतंच. बेनेडिक्टाइन काळे, आणि १०९८ साली फ्रान्समध्ये सितो इथे निघालेले सिस्टर्शियन पांढरे, तेही लोकर न रंगवता. रंगावरून दोघांत इतकी तेढ, की क्लूनीच्या बेनेडिक्टाइन मठाचा अधिपती पीटर यानं सिस्टर्शियन बर्नार्डला पत्रातून त्याबद्दल कळवळून लिहिलं. एकाच देवाची माणसं, आणि कपड्यावरून एकमेकांकडे तिरकं बघतात, हे वाचून मलाही वाईट वाटलं.

बडोदेकर_काका: दोघांचे आभार. आता तिथे मठ आहे का? पुतण्याला सांगतो जाऊन ये.

मांडवीचा_कापडवाला: मठ १५३८ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानं बंद केले. त्याच्या आणि राणी कॅथरीनच्या लग्नाचा खटला १५२९ मध्ये याच ब्लॅकफ्रायर्सच्या मठात चालला होता. पुतण्याला फ्लीट स्ट्रीटला पाठवा. तिथल्या गल्लीत पांढऱ्यांच्या मठाचं एक तळघर उरलंय, बाहेरून काचेतून दिसतं.