न्यू जर्सी: डब्यावरून मुलाला छळतात, शाळा म्हणते "चालायचंच". काय करू?

मिडलसेक्सची_आई

नमस्कार. मुलगा सहावीत आहे. दीड महिन्यापासून डबा जसाच्या तसा परत येतोय. आधी वाटलं, मेथी आवडत नसेल. मग परवा रात्री अंथरुणात रडत म्हणाला, "आई, उद्यापासून फक्त ब्रेड दे."

कॅफेटेरियात त्याने डबा उघडला की तीन मुलं नाक धरून उठतात. बसमध्ये त्याचं नाव वेडंवाकडं उच्चारून हाका मारतात. आता ग्रुप चॅटवर त्याचा जेवतानाचा फोटो फिरतोय, खाली उलटीची चित्रं. मी व्हाइस प्रिन्सिपलना फोन केला. ते गोड बोलले, "या वयात मुलं असं करतात, लक्ष ठेवतो." तीन आठवडे झाले.

नवरा म्हणतो, आपण व्हिसावर आहोत, तक्रारी कशाला? मला रात्री झोप लागत नाही. कुणी यातून गेलं आहे का?

लेकीची_माय

ताई, आधी व्हिसाचं. शाळेतल्या तक्रारीचा व्हिसाशी काहीही संबंध नाही. भाऊजींना हे वाचून दाखवा.

आता मुख्य गोष्ट. फोन पुरेसा नाही, आजच लेखी द्या. न्यू जर्सीत याला एच.आय.बी. म्हणतात: छळ, धमकावणं आणि बुलिंग. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, याचं धोरण करायचं, हा नियम इथे २००२ पासून आहे. पण सप्टेंबर २०१० मध्ये इथल्या रटगर्स विद्यापीठातला टायलर क्लेमेंटी हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. रूममेटने वेबकॅमवरून त्याच्या खासगी क्षणांवर नजर ठेवली होती, त्यानंतर त्याने जीव दिला. जानेवारी २०११ मध्ये नव्या कायद्यावर सही झाली आणि धोरणाला मुदती चिकटल्या. त्या मुदतीच तुमच्या कामाच्या आहेत.

प्रिन्सिपलना कळल्यापासून शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हायला हवी, आणि लेखी तक्रारीपासून शाळेच्या दहा दिवसांत ती पूर्ण व्हायला हवी. चौकशी शाळेतला अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट करतो. निकाल डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाकडून, म्हणजे सुपरिंटेंडेंटकडून, शाळेच्या बोर्डाकडे जातो आणि त्यानंतर शाळेच्या पाच दिवसांत तुम्हाला लेखी कळवावं लागतं. पटलं नाही तर साठ दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते. बसमधला आणि ग्रुप चॅटवरचा प्रकारही यात येतो.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. माझ्या लेकीला सातवीत हातावरच्या केसांवरून माकड म्हणायचे. मी भल्यामोठ्या ईमेलमध्ये ती किती रडते, जेवत नाही, एवढंच लिहिलं. उत्तर आलं, हा मुलींमधला आपसातला वाद आहे, एच.आय.बी.च्या व्याख्येत बसत नाही. व्याख्येत वंश, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा उठून दिसणारं दुसरं एखादं वैशिष्ट्य, यांपैकी कशावरून तरी छळ झाला असावा लागतो. ते मी लिहिलंच नव्हतं! दुसऱ्यांदा "भारतीय असल्यामुळे, दिसण्यावरून" असं तारखांसकट लिहिलं, तेव्हा चौकशी झाली.

म्हणून लिहा: कोणत्या दिवशी, कुठे, नेमके कोणते शब्द, कोण जवळ होतं. नाव आणि डबा यांवरून, म्हणजे आपण भारतीय आहोत यावरून हे चाललंय, हे स्पष्ट लिहा. फोटोचा स्क्रीनशॉट जोडा. पालकांसाठी ३३८ नंबरचा फॉर्म असतो, तो भरा. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर अँटी-बुलिंग कोऑर्डिनेटरचं नाव आणि फोन असायला हवा. ईमेलची प्रत त्यांनाही पाठवा.

आणि ब्रेड देऊ नका हो, एवढं सांगते. त्याला विचारा, त्याला काय हवंय. माझ्या लेकीने तेव्हा मागितलं म्हणून मी तिला हातांचं वॅक्सिंग करून दिलं. अजून मला ते बोचतं.

डॅलसचा_बाबा

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी: वरच्या मुदती फक्त न्यू जर्सीच्या आहेत. बुलिंगवर देशभर लागू असा एकच संघीय कायदा नाही. पन्नासही राज्यांचे आपापले कायदे आहेत. सगळ्यात शेवटी, २०१५ मध्ये, मोंटानाने केला. आमच्याकडे टेक्सासमध्ये २०१७ पासून शाळेबाहेरचं ऑनलाइन बुलिंगही शाळेच्या अखत्यारीत येऊ शकतं आणि तक्रार आल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत पीडित मुलाच्या पालकांना कळवावं लागतं. मुळात वंश किंवा मूळ देश यांवरून छळ असेल तर १९६४ चा नागरी हक्क कायदा आहेच, संघीय निधी घेणाऱ्या प्रत्येक शाळेला तो लागू आहे.

मिडलसेक्सची_आई

लेकीची_माय, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. वॅक्सिंगपाशी माझाच आवाज बसला, पुढचं त्याने वाचलं.

काल रात्री दोघांनी बसून फॉर्म भरला. मुलाला तारखा विचारल्या, तर त्याने वहीचं मागचं पान उघडलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं, कोण काय म्हणालं ते. सतरा नोंदी. आम्हाला पत्ताच नव्हता.

सकाळी आठला ईमेल गेला. साडेदहाला प्रिन्सिपलचा फोन आला, चौकशी आजच सुरू करतोय म्हणून. मुलाला डब्याचं विचारलं, तर म्हणाला, शुक्रवारी पोळीचा रोल दे, त्या टेबलावर नाही बसणार. ठीक आहे म्हटलं. निकाल आला की इथे लिहीन.