फान ह्योट्स यांना ‘आचेचे शांतिकर्ते’ म्हणावे काय?

मूळ मत:
योहानेस बेनेडिक्टस फान ह्योट्स (१८५१–१९२४) हे डच सेनानी १८९८ पासून सुमात्रातील आचेचे गव्हर्नर आणि १९०४ ते १९०९ या काळात डच ईस्ट इंडीजचे (आजच्या इंडोनेशियाचे) गव्हर्नर जनरल होते. मायदेशात त्यांना ‘आचेचे शांतिकर्ते’ म्हणून गौरवले गेले. ही उपाधी यापुढे कोणी वापरू नये, असे मला ठामपणे वाटते. जून १९०४ मध्ये, म्हणजे आचे त्यांच्याच अखत्यारीत असताना, डच अधिकारी फान दालेन यांच्या तुकडीने कुता रेह हे तटबंदीचे गाव घेतले तेव्हा ५६१ माणसे मारली गेली. हा आकडा डचांचाच आहे, आणि त्यात १८९ स्त्रिया व ५९ मुले आहेत. पुढच्याच वर्षी फान दालेन स्वतः आचेचे गव्हर्नर झाले.

प्रतिसाद १:
कुता रेहचे समर्थन कोणीच करणार नाही. तथापि आचे जिंकण्यासाठीचे डचांचे युद्ध १८७३ मध्ये सुरू झाले, तेव्हा फान ह्योट्स एक कनिष्ठ अधिकारी होते. ठाण्यांच्या साखळीआड वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या सैन्याला त्यांनी बाहेर काढले, १९०३ मध्ये आचेचा सुलतान शरण आला, आणि पुढे १९०७ पासून त्यांनी गावशाळाही सुरू केल्या. धोरण हेग येथील डच सरकारचे होते. त्याचा सारा दोष एका अंमलदारावर टाकणे न्याय्य नाही.

प्रतिसाद २:
‘अंमलदार’ हा शब्द येथे लागू पडत नाही. आचे पूर्णपणे जिंकलेच पाहिजे, असा आग्रह त्यांनी १८९३ मध्येच पुस्तिका लिहून जाहीरपणे धरला होता. हेगने ते धोरण नंतर स्वीकारले. त्यांच्या काळात स्थानिक राजांकडून ज्या छोट्या करारनाम्यावर सह्या घेतल्या जात, त्यात डच सार्वभौमत्व मान्य करणे, परकीयांशी संबंध न ठेवणे आणि प्रत्येक आज्ञा पाळणे एवढेच होते. शाळांचाही बराचसा खर्च गावकऱ्यांनाच सोसावा लागे. शिवाय शांतता नांदत असती, तर चुत न्याक धिएन ही आचेची लढवय्यी, दृष्टी गेलेली वृद्धा, १९०५ पर्यंत जंगलातून लढत कशासाठी राहिली असती?

प्रतिसाद ३:
उपाधीला माझाही विरोध आहे, परंतु अ‍ॅमस्टरडॅममधील फान ह्योट्स यांच्या १९३५ च्या स्मारकाला आता त्यांच्या नावाऐवजी ‘इंडीज-नेदरलँड’ असे नाव दिले आहे, ते मला पटत नाही. नाव काढल्याने कोणाविषयी बोलायचे तेच हरवते. नाव राहू द्यावे आणि त्याखाली कुता रेहचे तीन आकडे कोरावेत: ३१३ पुरुष, १८९ स्त्रिया, ५९ मुले.