मदत हवी आहे: हे फुकुशिमा नक्की कुठलं?
धाकटी बहीण पुढच्या महिन्यात ओसाकाला चाललीय आणि हॉटेलच्या बुकिंगवर पत्ता आलाय फुकुशिमा, ते बघून आईच्या तोंडचं पाणीच पळालंय कारण तिच्या डोक्यात २०११ची त्सुनामी आणि ती अणुभट्टी. मी शोधलं तर ओसाका शहरातच फुकुशिमा नावाचा वॉर्ड आहे, लूप लाइनवर ओसाका स्टेशनला लागूनच पुढचं स्टेशन. अणुभट्टीवाला प्रांत पार ईशान्येला, त्यात त्याच नावाचं शहर, वर होक्काइदोत एक गाव आणि फुकुशिमा मासानोरी नावाचा जुना सरदारसुद्धा! जपानीत लिहितातही सगळे सारखंच. मग तिकीट काढताना, मॅपवर टाकताना घोळ होऊ नये म्हणून तिने नेमकं काय बघायचं? तिथे कोणी राहिलंय का? प्लीज सांगा, आईला वाचून दाखवायचंय.