मदत हवी आहे: बाबांची सीटी युरोग्राफी आणि १९९४ ला अंगावर उठलेल्या गांधी

बाबा ६६ वर्षांचे, राहणं मानेवाड्याला. पंधरा दिवसांत दोनदा लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही. त्यांनी खापर नागपूरच्या उन्हावर फोडलं. सोनोग्राफीत डावी किडनी सुजलेली निघाली, खडा दिसला नाही. धंतोलीतल्या युरोलॉजिस्टनी मंगळवारी सीटी युरोग्राफी (शिरेत औषध टोचून किडनी आणि मूत्रमार्गाचे सीटी फोटो) सांगितली आहे.

अडचण अशी की, १९९४ साली मूतखड्यासाठी आयव्हीपी (असंच औषध टोचून किडनीचा एक्स-रे) काढली तेव्हा इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या होत्या. (बाबांना त्याहून जास्त आदल्या रात्रीचं एरंडेल आठवतं.) हे मी डॉक्टरांना सांगायला विसरले. सेंटरवर फोन केला, तर बाईंनी एवढंच विचारलं, "झिंगे-खेकडे चालतात ना?" बाबा माळकरी! शिवाय डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू, किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ४७.

औषध न टोचता साध्या सीटीवर भागणार नाही का? शेजारचे काका रोज कुळथाचं पाणी आणून देतात, ते वेगळंच.

प्रतिसाद

ताई, खेकड्यांचा या टोचायच्या औषधाशी संबंध नाही, तो जुना समज. गांधींचं मात्र आजच कळवा. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायच्या ठरल्या, तर नेहमीच्या पद्धतीत त्या १३, ७ आणि १ तास आधी घेतात. ऐन वेळी टेबलावर सांगून उपयोग नाही. टोचायच्या हल्लीच्या (नॉन-आयनिक) औषधाने असा त्रास बराच कमी होतो. तरी जुनी फाइल शोधा, औषधाचं नाव मिळालं तर सोन्याहून पिवळं.

साध्या सीटीत खडा दिसेल. पण या वयात न दुखता रक्त जातंय, म्हणजे मूत्रवाहिनीच्या अस्तरात गाठ नाही ना, हेही बघावं लागतं. त्यासाठी औषध किडनीतून खाली उतरेपर्यंत दहा-एक मिनिटं थांबून पुन्हा फोटो काढतात. मूत्राशय आतून बघायला दुर्बिणीची तपासणीही सांगतील, दचकू नका.

मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर तपासणीच्या वेळी बंद करतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून पुन्हा देतात. ४७ ला सहसा गरज नसते, पण काही सेंटर सरसकट बंद करायला लावतात. तुमच्या मनाने काही करू नका. आणि उपाशीपोटी बोलावलं तरी पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारून घ्या, या उन्हात किडनी कोरडी पडायला नको.

धागाकर्ती

दादा, आभार. फोन केला, तारीख गुरुवारवर गेली. फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, पण औषधाच्या नावावर नेमकी वाळवी. बाबा विचारतायत, या वेळीही एरंडेल आहे का?