तपासणी कडा शिवणाऱ्यांपर्यंत पोचत नाही

'शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने कंपन्यांना सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, आता मानवी हक्कांची तपासणी यंत्रमागापर्यंत पोचेल' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ही सक्ती २०२२-२३ पासून आहे, पण बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना. सोलापूरच्या पूर्व भागातला छोटा कारखानदार त्यात कुठून येणार?

मी हिशेब लिहितो त्या टॉवेलच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली होती. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे मानवी हक्क पाळले जातात का हे बघावं, असा जर्मनीचा पुरवठासाखळीचा कायदा २०२३ पासून लागू झाला, त्यानंतरची गोष्ट. आग विझवायचे सिलिंडर मोजले, हजेरीपुस्तक चाळलं, गेले. टॉवेलच्या कडा मात्र बायका घरी शिवतात, डझनाच्या भावाने. आमच्या गल्लीतल्या मावशी रात्री अकरापर्यंत मशीनवर असतात, सुईने बोट फुटलं तर चिंधी बांधून पुन्हा बसतात. त्यांचं नाव कुठल्याच हजेरीत नाही. सरकारने आधी ती नोंद सक्तीची करावी.