मदत हवी आहे: कर्करोगातून बरी झालेल्या ‘काकवी’साठी घर कसे शोधावे?

नमस्कार. कोल्हापुरातील एका प्राणी निवारा केंद्रात मी दर रविवारी स्वयंसेवक म्हणून जाते. तेथील ‘काकवी’ नावाच्या, साधारण चार वर्षांच्या गावठी कुत्रीला कायमचे घर मिळावे म्हणून गेले तीन महिने माझी खटपट चालू आहे. आता पुढचा मार्ग सुचेनासा झाला आहे, म्हणून हा धागा काढत आहे. कुत्री अतिशय प्रेमळ आहे आणि आज पूर्ण निरोगी आहे. मात्र तिच्या कागदांवरच्या एका आजाराच्या नावापाशी आले की प्रत्येक वेळी बोलणे तुटते.

काकवी करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर राहत असे. तिचा रंग काहिलीतून काढलेल्या ताज्या काकवीसारखा, तांबूस काळा, म्हणून तेथील कामगारांनी तिला हे नाव दिले. हिवाळ्यात रात्रभर ती चुलवाणाच्या उबेला चिपाडांच्या ढिगाशेजारी निजत असे. डाव्या कुशीवर ठिणगीने भाजल्याचा रुपयाएवढा डाग आहे, तेथे आजही केस येत नाहीत. मार्चमध्ये हंगाम संपला, कामगार आपापल्या गावी गेले आणि काकवी मात्र तेथेच राहिली. शेजारच्या मळ्यातील एका शेतकऱ्याने केंद्राला दूरध्वनी केला तेव्हा ती विझलेल्या चुलवाणासमोर बसून होती, बरगड्या मोजता येत होत्या आणि मागच्या बाजूने रक्त ठिबकत होते.

ती माजावर आली असेल, असेच सर्वांना आधी वाटले. परंतु माजाचे रक्त साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत थांबते आणि हिचे महिन्याहून अधिक काळ चालू असल्याचे त्या शेतकऱ्याने सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी नीट तपासले आणि आत फुलकोबीसारखी गाठ सापडली. गाठीवरील पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर निदान झाले. पशुवैद्यक ज्याला टीव्हीटी म्हणतात तो, कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा कर्करोग तिला झाला होता. या आजारात विषाणू किंवा जिवाणू नसतो. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या शरीरात निर्माण झालेल्या त्या पेशी आज जगभरच्या कुत्र्यांमध्ये फिरत आहेत. माणसाला किंवा मांजराला हा आजार होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या मोजक्या कर्करोगांत याची गणना होते.

काकवीला व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरील औषधाची पाच इंजेक्शने आठवड्याच्या अंतराने शिरेतून देण्यात आली. या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी रक्त तपासले जाई. तिसऱ्या इंजेक्शनानंतर तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या तळहातावरचा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला मऊ भात तिने चाटून खाल्ला, तो क्षण मी विसरू शकत नाही. पाचव्या इंजेक्शनापर्यंत गाठ नाहीशी झाली होती. जुलैमध्ये तिची नसबंदी झाली, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. रेबीजची आणि इतर आजारांची लस दिलेली आहे, वजन सतरा किलोपर्यंत आले आहे आणि त्यानंतरच्या दोन्ही तपासण्यांत गाठीचा मागमूस आढळलेला नाही.

तिच्या स्वभावाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. केंद्राचे फाटक उघडले की इतर कुत्री भुंकतात, काकवी मात्र शेपटी आणि कंबर दोन्ही हलवत येते आणि आपल्या पायावर स्वतःचा सगळा भार टाकून उभी राहते. इंजेक्शनासाठी पाय पुढे करायला ती स्वतःहून शिकली. लहान मुलांनी कान ओढले तरी ती तोंड वळवून त्यांचा हात चाटते, अर्थात मुलांना तसे करू देऊ नये हे आम्ही आवर्जून सांगतो. तिला भीती फक्त फटाक्यांची आणि लोखंडी पत्र्याच्या आवाजाची वाटते.

आता मूळ अडचण. पहिले कुटुंब तिला भेटून अतिशय आनंदले होते, परंतु कागद वाचताना ‘कर्करोग’ हा शब्द आला आणि घरातील आजींना संसर्ग होईल या भीतीने त्यांनी नकार दिला. दुसऱ्या कुटुंबाला मी आधीच दूरध्वनीवर सर्व सांगितले, तर ते भेटायलाच आले नाहीत. माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की आजार बरा झालेला असल्यामुळे पहिल्या भेटीत त्याचा उल्लेख करूच नये. मला हे पटत नाही, कारण पुढे कधी रक्त दिसले तर त्या घराने लगेच तपासणी करायला हवी आणि त्यासाठी त्यांना सर्व माहीत असायला हवे. तरीही माहिती देण्याचा माझा क्रम किंवा माझे शब्द चुकत असावेत असे वाटते. ज्यांनी आजारपणातून उठलेली जनावरे दत्तक दिली आहेत, त्यांनी ही गोष्ट कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या शब्दांत सांगितली?

पुण्यातील एका तिसऱ्या कुटुंबाला सर्व ठाऊक आहे आणि तरीही ती हवी आहे, परंतु त्यांच्या गृहसंस्थेच्या समितीने ‘भटकी कुत्री इमारतीत नको’ असे तोंडी कळवले आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही गृहसंस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे मी त्यांना कळवले आहे. तथापि ज्या घरात काकवीने आयुष्य काढायचे, तेथे पहिल्याच दिवशी भांडण नको. कोणी अशा समितीला विनंतीचे पत्र देऊन सामोपचाराने मार्ग काढला असल्यास त्यात काय लिहिले होते ते कृपया सांगावे.

याशिवाय दोन व्यावहारिक शंका आहेत. काकवी कधीच बंद घरात राहिलेली नाही. गुळगुळीत फरशीवर ती पाय ताणून थबकते आणि उद्वाहन तिने पाहिलेलेही नाही. सहाव्या मजल्यावर राहायला जाण्यापूर्वी तिला येथेच कसली सवय लावता येईल? दुसरे म्हणजे प्रवास. रेल्वेत कुत्रा डब्यात सोबत न्यायचा तर प्रथम वर्गाचा संपूर्ण कक्ष आरक्षित करावा लागतो, अन्यथा त्याला सामानाच्या डब्यातील पेटीत ठेवतात, आणि त्या पेटीत तिला एकटीला पाठवण्याची माझी तयारी नाही. कोल्हापूरहून पुण्याला मोटारीने रिकामे जाणारे कोणी असल्यास इंधनाचा खर्च मी देईन आणि सोबतही येईन.

तिला पूर्वीच्या जागी का सोडत नाही, असे विचारले जाईल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेल्या कुत्र्याला मूळ ठिकाणी परत सोडायचे असते, हे खरे आहे. परंतु ते गुऱ्हाळ मालकाने बंद केले असून यंदा पेटणार नाही, तेथे तिला खाऊ घालणारे कोणी उरलेले नाही, आणि पुणे–बंगळुरू महामार्ग तेथून हाकेच्या अंतरावर आहे. वेग कमी करणाऱ्या प्रत्येक वाहनाकडे ती ओळखीचे माणूस आल्यासारखी धावते. म्हणून तिला दत्तक द्यायचे असे केंद्राने ठरवले. मी स्वतः तिला ठेवून घेतले असते, परंतु माझ्या घरी चौदा वर्षांची, दृष्टी गेलेली कुत्री आहे. दुसऱ्या कुत्र्याचा वास आला तरी ती थरथर कापते आणि तिच्या उरलेल्या दिवसांत तिला हा त्रास देणे मला शक्य नाही.

घेणाऱ्या घराकडून आमच्या अपेक्षा थोड्या आहेत. कुटुंबातील सर्वांची संमती असावी, केंद्राच्या माणसाला एकदा घर पाहू द्यावे, पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी आणि काही कारणाने तिला ठेवणे अशक्य झाले तर तिला आमच्याकडेच परत आणावे. दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात घेणाऱ्यावरच टाकली आहे, याचीही जाणीव असावी.

दुसऱ्या दिवशीची भर: घरात आधीचा कुत्रा असेल तर त्याला लागण होईल का, असे दोघांनी विचारले आहे. डॉक्टरांना आज पुन्हा विचारून लिहीत आहे. लागण होण्यासाठी गाठीवरील जिवंत पेशींचा प्रत्यक्ष संपर्क व्हावा लागतो; काकवीच्या अंगात आता गाठ नाही, त्यामुळे सोबतच्या कुत्र्याला तिच्यापासून धोका नाही. तसे त्यांनी केंद्राच्या कागदावर मराठीत लिहून सहीही दिली आहे. पुण्याच्या समितीला द्यायच्या पत्रासोबत हा कागद जोडावा, की त्यामुळे नसलेली भीतीच त्यांच्या मनात निर्माण होईल, याविषयी आपले मत रविवारपर्यंत मिळाले तर बरे होईल. सोमवारी ते पत्र पाठवायचे आहे.