'वॉर्मब्लड' घोड्याला मराठीत काय म्हणाल?

दुडकी
एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. विषय ट्राकेनर जातीचा घोडा. पहिल्याच मिनिटाला 'वॉर्मब्लड' आलं आणि गाडी अडली. माझ्याआधी ज्यांनी हे काम अर्धवट सोडलं, त्यांनी 'उष्णरक्ती घोडा' लिहून ठेवलंय. वाचलं की शाळेतलं जीवशास्त्र आठवतं: पक्षी नि सस्तन प्राणी उष्णरक्ती, साप-बेडूक शीतरक्ती. मग 'कोल्डब्लड' घोडा काय, सरड्यासारखा उन्हात पडून राहतो? बरा शब्द सुचवा.

जर्मनमास्तर
आधी जर्मन पाहू. फोलब्लूट म्हणजे पूर्ण रक्त, वार्मब्लूट ऊबदार रक्त, काल्टब्लूट थंड रक्त. थर्मामीटरशी काही संबंध नाही. निरोगी घोडा कुठलाही असो, ताप मोजलात तर 38 अंश सेल्सियसच्या आसपासच भरेल. इथे रक्त म्हणजे कूळ आणि स्वभाव. काल्टब्लूट हे नांगराला, गाड्याला जुंपायचे धिप्पाड, शांत घोडे. फोलब्लूट म्हणजे अरबी आणि शर्यतीचा थरोब्रेड. या दोन टोकांच्या मधले, मुख्यतः स्वारीसाठी घडवलेले, ते वार्मब्लूट. पूर्वी त्यांना 'हाल्बब्लूट', अर्धरक्त, असंही म्हणत.

आणि उच्चार 'ट्राकेनर' बरोबर आहे. मधला 'ह' फक्त 'के' लांबवायला असतो. 'ट्राकेहनर' नको.

उंटावरची शहाणी
कोमटरक्ती!

दुडकी
@उंटावरची शहाणी, हसले. पण 'कोमट' म्हटलं की उत्साह संपलेला वाटतो. आणि हा घोडा तर भलताच तेज दिसतोय.

खोगीरभरती
'रक्त' सोडा की. आपल्याकडे घोड्याच्या स्वभावाला शब्द आहेत. तडफदार, इशाऱ्यावर उसळणारा तो पाणीदार. कुणीही पाठीवर बसावं, काही करणार नाही, तो गरीब. 'गरीब' म्हणजे पैसे नसलेला नव्हे हं. 'गाय गरीब आहे'मधला गरीब. अरबी पाणीदार, नांगराचा गरीब, आणि वॉर्मब्लड म्हणजे पाणीदार पण ऐकणारा.

मात्र हे झालं वर्णन. वर्गाचं नाव म्हणून चालायचं नाही. 'जातिवंत'ही वापरू नका, तो थरोब्रेडसाठी रुळलाय. 'मिश्ररक्ती' अर्थाने जवळचा आहे, पण कानाला शिवी वाटते.

तसं पाहिलं तर आपलं भीमथडीही त्याच वाटेनं आलं: भीमेच्या काठची चिवट तट्टं आणि अरबी-तुर्की घोडे यांचा संकर. म्हणून त्याला कुणी वॉर्मब्लड म्हणत नाही, तो युरोपातल्या स्वारीच्या घोड्यांसाठीच राखलेला शब्द. पण कृती ओळखीची आहे.

सातासमुद्रापारची
मी जर्मनीत राहते. मुलगी ज्या तबेल्यात शिकते तिथे एक ट्राकेनर घोडी आहे. बाकी घोडे जाकिटाच्या वेल्क्रोचा चर्र आवाज झाला तरी चघळत राहतात. हिचे कान आवाजाच्या आधी वळतात असं वाटतं. डाव्या मांडीवर डाग दिलेला आहे, एल्क नावाच्या मोठ्या हरणाची दोन शिंगं. बोट फिरवलं की केसांत उघडी, गुळगुळीत रेघ लागते.

गंमत म्हणजे शिंगराचं नाव आईच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवावं लागतं. आपल्याकडे राशीवरून, इथे घोडीवरून.

जर्मनमास्तर
डागाचा उगम मूळ पागेत आहे. प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने 1732 मध्ये पूर्व प्रशियात ट्राकेनन इथे शाही पागा उभारली. सैन्याला हलका, दमदार, लांब पल्ल्याचा घोडा हवा होता. तिथली लहान, काटक स्थानिक घोडी घेऊन पुढे अरबी आणि इंग्लिश थरोब्रेड वळू वापरले. म्हणून वॉर्मब्लडांमध्ये ट्राकेनर सर्वांत हलका नि सर्वांत 'पाणीदार' (शब्द आवडला). दुडकी चाल अशी, की पाऊल जमिनीला टेकण्याआधी हवेत क्षणभर थांबल्यासारखं वाटतं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं (स्वाराच्या इशाऱ्यावर शिस्तीत चालण्याची स्पर्धा) सुवर्ण क्रोनोसने आणि इव्हेंटिंगचं (ड्रेसाज, रानातली दौड आणि उड्या मिळून) नुर्मीने आणलं, दोघेही ट्राकेनर.

नंतरचं वाचवत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्य जवळ आलं, तेव्हा ऑक्टोबर 1944 मध्ये पागा रिकामी केली. जानेवारी 1945 च्या थंडीत पूर्व प्रशियातली माणसं गाड्या जुंपून गोठलेल्या खाडीवरून पश्चिमेला निघाली, वरून विमानं, खाली तडकणारा बर्फ. स्वारीसाठी जपलेल्या गाभण घोड्या गाडे ओढत होत्या. हजारोंमधल्या थोड्याच पोचल्या. ट्राकेनन आज रशियाच्या कालिनिनग्राद भागात आहे, नाव यास्नाया पोल्याना. आजचा ट्राकेनर त्या वाचलेल्यांचा वंश. 1947 मध्ये पश्चिम जर्मनीत त्यांची संघटना झाली.

दुडकी
माहितीपटात हा भाग आहे. तिथे उपशीर्षक कमीत कमी ठेवलंय.

'जात' म्हणू की 'वाण'? निवेदक सारखा 'ब्रीड' म्हणतो.

जर्मनमास्तर
ट्राकेनरला 'जात' बिनदिक्कत म्हणा. त्यांची नोंदवही जवळजवळ बंद आहे; बाहेरून फक्त थरोब्रेड, अरबी, अँग्लो-अरब (या दोघांचा संकर) आणि शाग्या (अरबीचाच एक प्रकार) यांनाच प्रवेश. हॅनोव्हरियन किंवा होल्स्टायनर या दुसऱ्या जर्मन वॉर्मब्लडांची वही मात्र उघडी असते, एकमेकांचे चांगले वळू घेतात. तिथे 'ब्रीड' म्हणजे रक्तापेक्षा कोणत्या संघटनेनं नोंद केली ते जास्त.

'वाण' बियाण्याला आणि संक्रांतीला राहू द्या.

खोगीरभरती
आणि 'स्टड'ला 'पागा' वापरलात ते छानच, पण एक खुसपट. पागेत घोडे बांधतात, पोसतात. पैदास हा मुख्य उद्योग असेल तर पुण्याकडे सगळे सरळ 'स्टड फार्म' म्हणतात. शाही, सैन्यासाठीची म्हणून इथे 'पागा' खपून जाईल.

दुडकी
तर ठरलं: 'वॉर्मब्लड' तसाच ठेवते. पहिल्यांदा येतो तिथे 'पाणीदार, पण ऐकणारा' हे शब्द निवेदनात बसवते. उष्णरक्ती बाद.

एक राहिलं. आधीच्यांनी 'हा घोडा सोळा हात उंच असतो' असं लिहिलंय.

उंटावरची शहाणी
अगं बाई! आपला हात दीड फुटाचा. चोवीस फुटी घोडा! जिना लावून बसायचं?

खोगीरभरती
त्यांचा 'हँड' चार इंचांचा, तळव्याच्या रुंदीचा, आणि माप खांद्यापर्यंतचं, डोक्यापर्यंतचं नव्हे. आपल्या 'मुठी'च्या जवळचा. सोळा मुठी लिहा.

दुडकी
लिहिलं होतं. संपादकांनी आत्ताच खोडून '163 सेंटिमीटर' केलं. मी भांडले नाही.